परक्या गांवची झोंप

प्रवासास निघतांना मनुष्य काय काय बरोबर घेतो याची यादी केली तर ती बरीच लांब होईल. दशम्या, चटणी, पाण्याची बाटली, औषधाच्या गोळ्या, मोबाईलचा चार्जर, ओळखपत्र, तिकीट. आणि इतकें सर्व घेऊनहि घरांतील वडील मंडळी ‘कांहीं राहिलें तर नाहीं ना?’ असें विचारीत दारापर्यंत येतात. राहिलेलें असतें, पण तें पिशवींत मावण्यासारखें नसतें. तें म्हणजे झोंप. घरीं रात्रीं दहा वाजतां जी न बोलावतां येऊन डोळ्यांवर बसते, ती परगांवीं नेमकी ज्या रात्रीं हवी असते त्याच रात्रीं रुसते. जिच्यासाठीं आपण लॉजच्या काउंटरवर हजार-बाराशें रुपये मोजले ती एक वस्तु सोडून बाकी सर्व, म्हणजे पलंग, पंखा, आरसा व साबणाची इवलीशी वडी, आपल्या पदरांत पडतें.

शाळेच्या वार्षिकांत हा विषय कशाला, असें कोणी म्हणेल. कारण असें कीं, गेलीं पंधरा-सोळा वर्षें मुलांना परगांवच्या स्पर्धांना व परीक्षांना घेऊन जाण्याचें काम बहुधा माझ्याकडे येतें. पूर्वीं असा प्रसंग वर्षांतून एकादा येई. आतां प्रवेशपरीक्षांचें केंद्र पुष्कळदां दुसऱ्याच शहरीं मिळतें आणि सकाळच्या परीक्षेसाठीं आदल्या रात्रीं तेथें जाऊन राहावें लागतें. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं या रात्रींतून सुटणारा विरळा. दोन वर्षांचा अभ्यास, आईबापांनीं पोटास चिमटा घेऊन भरलेली फी, हें सारें त्या एका रात्रीच्या हवालीं झालेलें असतें. आणि ती रात्र आपण काढतों कोठें, तर ज्या घराचा उंबरा पूर्वीं कधीं ओलांडलेला नाहीं तेथें!

प्रथम शब्दांविषयीं थोडेंसें. आपल्याकडे ‘हॉटेलांत गेलों’ म्हटलें म्हणजे मिसळ खाल्ली असा अर्थ होतो. निजण्यासाठीं जो जातो तो ‘लॉजवर उतरतो’. ‘उतरणें’ हा शब्द मला फार आवडतो. पूर्वीं मनुष्य घोड्यावरून उतरे, आतां आगगाडींतून किंवा एस. टी.तून उतरतो, परंतु शरीर उतरलें तरी मनास उतरावयास मागाहून वेळ लागतो. शरीर पलंगावर आणि मन अजून फलाटावर, अशी त्या पहिल्या रात्रीची स्थिति असते.

आमच्या आजोबांच्या पिढीस हा त्रास थोडा कमी होत असावा. ते प्रवासास निघत ते वळकटी घेऊन. सतरंजी, तिच्या पोटांत उशी, चादर, वर पासोडी, आणि सर्व मिळून सुंभानें आवळलेलें. बरी स्थिति असलेल्यांजवळ किरमिजाचा होल्डॉल असे. धर्मशाळा छप्पर देई, ओटा देई, विहिरीचें पाणी देई. अंथरूण ज्याचें त्यानें आणावयाचें. आज आपण त्यास गैरसोय म्हणूं. पण त्या वळकटींत केवळ कापूस नव्हता. रात्रीं डोकें टेकलें कीं नाकाला घरचा वास येई. पाठ धर्मशाळेच्या फरशीवर असली तरी गाल आपल्या घरीं असे. आतां लॉजवाल्यानें पांढरी चादर दिली आणि आपण वळकटी माळ्यावर टाकली. (उत्पत्तीच्या पुस्तकांतील याकोबाजवळ धोंड्याखेरीज दुसरी उशी नव्हती व तरीहि तो झोंपला, हें मला ठाऊक आहे. पण तो घर सोडून पायीं निघालेला होता आणि सूर्य मावळेपर्यंत चालला होता, हेंहि विसरूं नये.)

त्याहून जुनी गोष्ट सरायांची. शेरशाहानें आपल्या १५४० ते १५४५ या अल्प कारकीर्दींत हमरस्त्यांवर सराया बांधविल्या हें आपण इतिहासांत वाचतों. पुढें सतराव्या शतकांत हिंदुस्थानांत आलेला मनुची नांवाचा व्हेनिसचा प्रवासी या सरायांचें वर्णन करतो, त्यांतील एक बारीक गोष्ट माझ्या मनांत राहून गेली आहे. संध्याकाळ झाली कीं सराईचा रखवालदार सर्वांना आपापल्या सामानाकडे पाहण्याविषयीं बजावून दरवाजे बंद करी. आणि सकाळीं कोणाचें कांहीं गेलें नाहीं ना, असें विचारून खात्री करून घेतल्यावरच ते उघडी. सराईंत गादी कशी होती, ढेकूण होते कीं नव्हते, या गोष्टी वाटसरूला दुय्यम असाव्यात. दरवाजा बंद आहे व त्यापाशीं कोणीतरी जागें आहे, एवढें कळलें कीं थकलेलें शरीर आपलें काम करी.

येथें शास्त्रज्ञांची साक्ष काढतों, कारण आमच्या नववीच्या मुलांस ‘असावें’, ‘वाटतें’ असें म्हटलेलें चालत नाहीं. झोंपेचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांत माणसांना रात्रभर निजवून त्यांच्या डोक्यास तारा लावून मेंदूंतील विद्युल्लहरी टिपून घेतात. तेथें एक अडचण वारंवार येई. पहिल्या रात्रीची झोंप कांहीं केल्या नेहमींसारखी नसे. ती उशिरां येई, मध्यें मोडे, उथळ असे. १९६६ सालीं अमेरिकेंतील तिघां संशोधकांनीं या प्रकाराचें व्यवस्थित वर्णन केलें व त्यास ‘पहिल्या रात्रीचा परिणाम’ असें नांव पडलें. तेव्हांपासून पुष्कळ प्रयोगशाळा पहिल्या रात्रीची नोंद हिशेबांतच धरीत नाहींत. म्हणजे पाहा, ज्या रात्रीला शास्त्रज्ञ हिशेबांतून वगळतात, त्याच रात्रीवर आपण मुलाची परीक्षा ठेवतों!

हें होतें कां, याचा एक सुंदर उलगडा २०१६ सालीं अमेरिकेंतील ब्राउन विद्यापीठांत झाला. तेथील संशोधकांस असें आढळलें कीं, परक्या जागीं पहिल्या रात्रीं मेंदूचे दोन्ही गोलार्ध सारखे झोंपत नाहींत. गाढ झोंपेंत ज्या संथ लहरी उठतात, त्या डाव्या गोलार्धांत उजव्यापेक्षां क्षीण असतात. निदान रात्रीच्या पहिल्या गाढ झोंपेपुरतें तरी असें दिसलें. मग त्यांनीं झोंपलेल्यांच्या कानांत बारीक आवाज केले. डाव्या गोलार्धास वर्दी देणाऱ्या उजव्या कानांत आवाज केला असतां माणसें अधिक वेळां व अधिक लवकर जागीं झालीं. साधारण आठवड्यानें तींच माणसें त्याच खोलींत निजलीं तेव्हां दोन्ही गोलार्धांतील हा फरक नाहींसा झालेला होता. तात्पर्य, परक्या खोलींत आपण निजतों तेव्हां आपला अर्धा मेंदू निजतो व अर्धा कंदील घेऊन गस्त घालतो. (तेव्हां उजवा कान उशींत दाबून निजावें असा माझा एक तर्क आहे. त्यास कोणत्याहि विद्यापीठाचा आधार नाहीं; मी मात्र तसाच निजतों.)

पशुपक्ष्यांत ही विद्या याहून पुढें गेलेली आहे. डॉल्फिन मासा (मासा म्हणूं नये हें जीवशास्त्राच्या बाईंनीं मला अनेकदां सांगितलें आहे) एका वेळीं अर्ध्याच मेंदूनें झोंपतो. बदकांचा प्रयोग तर मुलांस फारच आवडतो. अमेरिकेंत झालेल्या व १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत बदकांना चार-चारच्या रांगेंत निजविलें होतें. मधल्या बदकांस दोन्हीकडे शेजारी. तीं बहुतेक वेळ दोन्ही डोळे मिटून स्वस्थ झोंपत. कडेचीं जीं दोन, तीं मात्र पुष्कळ वेळां एक डोळा उघडा ठेवीत, आणि तोहि बाहेरच्या, म्हणजे शेजारी नसलेल्या बाजूचा. मी प्रयोगाची ही हकीकत वर्गांत सांगितली कीं हटकून एक मुलगा एक डोळा मिटून दाखवितो.

या बदकांचा उपयोग मला नागपुरास झाला.

तीन वर्षांपूर्वींची गोष्ट. वक्तृत्वाच्या एका आंतरशालेय स्पर्धेसाठीं तीन मुलगे व दोन मुली घेऊन मी व आमच्या एक सहशिक्षिका डिसेंबर महिन्यांत नागपुरास गेलों. महाराष्ट्र एक्सप्रेसनें कोल्हापुराकडून नागपूर म्हणजे जवळजवळ एक अहोरात्र. गाडींत पहिली रात्र गेली. दौंड येईपर्यंत भेंड्या चालल्या होत्या, पुढें थंडीनें कोणास नीट झोंप लागली नाहीं. म्हणून दुसऱ्या रात्रीची मला काळजी होती. स्पर्धा सकाळीं दहाला.

लॉजच्या काउंटरवर मीं नेहमींचा प्रश्न केला, ‘‘रस्त्याकडची नको, मागच्या बाजूची खोली आहे का?’’ खोली पाहिल्यावांचून व असे दोन-चार प्रश्न विचारल्यावांचून पैसे देऊं नयेत. जिन्याच्या तोंडाशीं, लिफ्टला लागून किंवा पाण्याच्या टांकीखालीं असलेली खोली स्वस्त पडली तरी घेऊं नये. मॅनेजर भला मनुष्य होता. तो म्हणाला, ‘‘सर, मागं मंगल कार्यालय आहे, आज लग्न आहे तिथं. पुढचीच घेऊन टाका नं.’’ आतां आली पंचाईत! पुढें मालट्रकांचा रस्ता, मागें लग्नाचा बँड. मीं क्षणभर विचार करून मागची खोली घेतली. ध्वनिप्रदूषणाचे जे नियम आपल्या देशांत २००० सालीं झाले, त्यांप्रमाणें रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. ट्रकांस मात्र अशी कोणतीहि वेळ नाहीं. माझा हिशेब बराचसा बरोबर आला. नियमाचे दहा वाजले तेव्हां लग्नाचे सव्वादहा झाले, आणि मग मागची बाजू विहिरीसारखी शांत झाली.

खोलींत चार लोखंडी खाटा होत्या. मुली व बाई शेजारच्या खोलींत. टी.व्ही.चा तांबडा दिवा रात्रभर डोळे वटारून पाहतो, म्हणून त्यावर रुमाल टाकला. दारावरच्या झडपेंतून व्हरांड्यांतील ट्यूबलाइट आंत येई, तेथें वर्तमानपत्र लाविलें. नागपूरची डिसेंबरांतील थंडी आपल्याकडच्या मुलांना बाधते, म्हणून सर्वांना पायमोजे घालावयास लाविलें. यांतहि शास्त्र आहे. झोंप येण्यापूर्वीं शरीराच्या आंतील उष्णता थोडी उतरावी लागते. ती हातापायांच्या कातडींतून बाहेर पडते. पाय गार असले म्हणजे तेथील रक्तवाहिन्या आकसतात व ही वाट बंद होते. पाय ऊब धरून असले तर झोंप लवकर लागते, असें स्वित्झर्लंडमधील संशोधकांनीं १९९९ सालीं दाखविलें. आमच्या आज्यांनीं तें त्यापूर्वींच पायांस तेल चोळून दाखविलें होतें.

दोन मुलगे पांच मिनिटांत घोरूं लागले. तिसऱ्याची गोष्ट निराळी. तो मळ्यांत राहणारा. यापूर्वीं एकहि रात्र घराबाहेर निजलेला नव्हता. त्याच्या घरीं पडवींत आजोबांची खाट, त्यांच्याशेजारीं याचें अंथरूण, उंबऱ्यापलीकडे कुत्रा. भाषण त्याचें उत्तम बसलें होतें. विषय होता पाण्याचा, आणि त्याला पाण्याविषयीं जें सांगावयाचें होतें तें त्यानें पुस्तकांत वाचलेलें नव्हतें. कोरड्या विहिरीच्या कांठावर बसून पाहिलेलें होतें. हा मुलगा उद्यां पेंगुळलेला उभा राहिला तर तें सर्व वायां जाईल, ही टोचणी मला होती.

‘‘सर, जागे आहांत?’’ अंधारांतून आवाज आला.

‘‘आहें. नीज तूं.’’

व्हरांड्यांतून कोणी जाई-येई. प्रत्येक पावलासरशीं त्याची खाट करकरे. साडेअकराच्या सुमारास कोणा मुक्कामी गृहस्थानें आपली खोली समजून आमच्या दाराची कडी जोरानें खडखडाविली. मुलगा ताडकन उठून बसला. त्या गृहस्थानें दोनदां माफी मागितली व तो गेला. पण झोंप त्याच्याबरोबरच गेली. मीं दिवा लाविला. उठून माझी खाट ओढली आणि दार उघडण्यापुरती जागा ठेवून ती दारालगत आडवी लाविली. म्हटलें, ‘‘हें पाहा, आतां कोणीहि आला तरी त्याला आधीं माझ्या उशाशीं यावें लागेल.’’ खाटेच्या आवाजानें जागा झालेला दुसरा मुलगा पांघरुणांतूनच म्हणाला, ‘‘सर कडेचें बदक झाले!’’ त्यावर तिघेहि खदखदून हंसले. मीं दिवा मालविला.

पुढें दोन वेळां ‘‘सर, जागे आहांत?’’ झालें. दोन्ही वेळां मीं ‘‘आहें’’ म्हटलें. तिसऱ्या वेळेची मी वाट पाहत राहिलों, ती आली नाहीं. श्वास लांब होत गेला. मला त्या रात्रीं दोन वाजेपर्यंत झोंप नव्हती, पण मला कांहीं सकाळीं भाषण करावयाचें नव्हतें.

त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालें, त्याचें छायाचित्र त्या वर्षींच्या अंकांत आलेलेंच आहे. मला त्या स्पर्धेंतील दुसरेंच एक दृश्य अधिक आठवतें. दुसऱ्या कोणा गांवची एक मुलगी बोलावयास उभी राहिली. भाषा अशी स्वच्छ, मांडणी अशी बांधेसूद, कीं मीं मनांत पहिला क्रमांक तिला देऊन टाकला. चवथ्या मिनिटास ती थांबली. पुढचें वाक्य तिला सांपडेना. ती छताकडे पाहत राहिली, मग आपल्या शिक्षकांकडे, मग घंटेकडे. आणि खालीं उतरली. दुपारच्या जेवणाच्या वेळीं तिचे शिक्षक मला म्हणाले, ‘‘रात्रभर डोळ्याला डोळा नाहीं तिच्या. बसस्थानकासमोर उतरलों होतों.’’ ती मुलगी ताटांतला भात चिवडीत बसली होती. तिचें पाठांतर कमी होतें असें तेथें अनेकांनीं म्हटलें. मला तसें वाटत नाहीं. पाठ केलेलें सर्व तिच्या मेंदूंत होतेंच. फक्त तें काढून देणारा कारकून रात्रपाळी करून आला होता.

विद्यार्थिमित्रहो, झोंप ही अभ्यासाची शत्रु नाहीं, हें तुम्ही निदान परगांवीं तरी ऐका. १९२४ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत जेंकिन्स व डॅलनबाख यांनीं दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करावयास देऊन पाहिलें. पाठ करून जागे राहिले तेव्हां जितकें विसरले, त्याहून किती तरी कमी तें पाठ करून झोंपले तेव्हां विसरले. प्रयोग दोघांवरच होता खरा. पण त्यानंतर शंभर वर्षें झालीं आणि झोंपेंत स्मृति पक्की होते ही गोष्ट पुढच्या पुष्कळ अभ्यासांनीं उचलून धरली आहे. म्हणून लॉजमध्यें रात्रीं बारापर्यंत वही उघडून बसणाऱ्यास मी वही मिटावयास लावतों. अमेरिकेंतील निद्राविकारतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१६ सालीं तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस आठ ते दहा तास झोंप हवी असें सांगितलें आहे. परीक्षेच्या आदल्या रात्रीं दहा तासांची गोष्ट मी बोलत नाहीं. सात मिळाले तरी मी देवाचे आभार मानीन.

चहाविषयींहि दोन शब्द. प्रवासांत शीण आला म्हणून रात्रीं नऊ वाजतां टपरीवर कटिंग घेण्याचा मोठ्या मुलांना फार हुरूप. चहाकॉफींतील कॅफीनचा निम्मा भाग शरीरांतून जाण्यास सुमारें पांच तास लागतात. म्हणजे नऊचा अर्धा चहा दोन वाजतां अजून जागाच असतो. संध्याकाळीं पांचनंतर माझ्याबरोबरच्या मुलांस चहा मिळत नाहीं. याबद्दल ते माझ्याविषयीं काय बोलतात तें मला ठाऊक आहे.

आतां पालकवर्गास एक विनंति, आणि ती थोडी कडक वाटली तर क्षमा असावी. रात्रीं अकरा वाजतां मुलास फोन करून ‘झोंपलास का रे?’ असें विचारूं नये. तो झोंपलेला असला तर या प्रश्नानें उठतो. नसला तर आईबापहि जागे आहेत हें त्यास कळतें, आणि त्याच्या मनाला वाटतें, कीं घरीं सर्व जागे आहेत तेव्हां उद्यांचें प्रकरण फारच भयंकर असलें पाहिजे. फोन साडेआठाला करावा. जेवण काय झालें एवढेंच विचारावें. अभ्यास किती झाला हें विचारूं नये. तो व्हावयाचा असता तर गेल्या जूनपासूनच झाला असता. त्यानंतर मुलाचा मोबाईल बरोबरच्या वडीलमाणसाकडे असावा. त्याच्या प्रकाशानें मेंदूस अजून दिवसच आहे असें वाटतें, हें एक. आणि मित्रांचे ‘तुझें किती वाचून झालें?’ असे निरोप त्यांतूनच येतात, हें दुसरें. दुसरें पहिल्याहून वाईट.

परवडत असेल त्यानें दोन रात्री आधीं जावें हें उत्तम. पहिली रात्र खोलीची ओळख करून घेण्यांत गेली तरी दुसरी आपली असते. पण दोन रात्रींचें भाडें सर्वांना झेपत नाहीं, हें मी जाणून आहें. आमच्या शाळेंत तर बहुतेकांना झेपत नाहीं. पुष्कळ पालक मग म्हणतात, ‘तेथें याची आत्या आहे, तिच्याकडे उतरेल.’ आत्येचें प्रेम मोठें खरें. पण ती पुरणपोळी करते, शेजारपाजारच्यांना भाचा दाखविते, आणि तिचे यजमान रात्रीं साडेबारापर्यंत आपल्या वेळची मॅट्रिक कशी कठीण होती हें सांगतात. पाहुणचार आणि झोंप एका घरांत क्वचितच नांदतात. परीक्षा झाल्यावर आत्येकडे खुशाल दोन दिवस राहावें.

नागपुरानंतर मीं दोन नियम केले. पहिला, मुलांच्या खोलींत दाराकडची खाट वडीलमाणसाची; आणि ती तशी आहे हें दिवा मालवण्यापूर्वीं मुलांना स्पष्ट सांगावयाचें. नुसतें तेथें निजून उपयोग नाहीं. गस्त दुसरा कोणी घालतो आहे हें त्या अर्ध्या मेंदूस कळलें पाहिजे, तरच तो कंदील खालीं ठेवील. पालक स्वतः बरोबर जाणार असतील तर त्यांनींहि असेंच करावें. मुलास भिंतीकडे, आपण दाराकडे. बापानें आधीं घोरावयास लागूं नये एवढें पथ्य.

दुसरा नियम वळकटीचा. संबंध वळकटी आजच्या गाडींत कोठें ठेवावयाची? तेव्हां प्रत्येकानें घरची एक पांघरण्याची वस्तु आणावी, आणि ती धुऊन इस्त्री केलेली नको, रोजच्या वापरांतली असावी, असें मी सांगूं लागलों. पहिल्या वर्षीं मुलें लाजलीं. दहावीचा मुलगा आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी घेऊन लॉजचा जिना चढतो, हें त्यास कमीपणाचें वाटे. एकानें ती क्रिकेटच्या पिशवींत लपवून आणली. पण रात्रीं दिवा मालविल्यावर चारहि पिशव्यांच्या चेनी एकामागून एक हळूच उघडल्या गेल्या, तें मीं ऐकलें. गेल्या वर्षीं तर एकीनें आजीची शाल आणली आणि तिच्या मैत्रिणीनें अर्धी शाल मागून घेतली.

यंदा जानेवारींत पुन्हां दोन ठिकाणीं जावयाचें आहे. ज्यांचीं मुलें येणार आहेत त्या पालकांस कळविण्यांत येतें कीं, गोधडी अवश्य पाठवावी. मात्र कोपऱ्यावर दोऱ्यानें मुलाचें नांव घालावें. मागील खेपेस दोन गोधड्यांची अदलाबदल झाली. रंग सारखा, टांका सारखा, मलाहि फरक दिसेना. घरीं परतल्यावर पहिल्याच रात्रीं दोन्ही घरांतील धाकट्या भावंडांनीं ‘ही आमची नव्हे’ म्हणून रडून गोंधळ घातला, आणि दुसऱ्या दिवशीं शाळा भरण्यापूर्वीं दोन्ही आया आपापलीं गांठोडीं घेऊन फाटकाशीं उभ्या होत्या.